ट्रेल आणि डोंगर, दोन्हीकडे एकच स्नोमोबाईल: ट्रॅक कोणता घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा. राहणं मिनियापोलिसच्या आसपास. हिवाळ्यातले बहुतेक शनिवार-रविवार उत्तर मिनेसोटात किंवा मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात, ग्रूमर (बर्फ सपाट करणारं यंत्र) फिरवून दाबलेल्या ट्रेलवर. वर्षातून एक आठवडा मोंटानात, कुक सिटीकडे, आणि तिथे ट्रेल सोडून खोल बर्फात. गाडी एकच ठेवायची आहे. सध्या तिच्यावर १३७ इंच लांब, १५ इंच रुंद, १.२५ इंच लगचा (लग म्हणजे बाहेरचे रबरी दात) ट्रॅक, म्हणजे खाली फिरणारा रबरी पट्टा, आहे आणि डोंगरात तो सारखा रुततो. याच गाडीवर अडीच इंच लगचा ट्रॅक चढवला तर काम भागेल का?

नाही भागणार. उलट ज्या ट्रेलवर गाडी हिवाळाभर चालणार, तिथेच ती त्रास द्यायला लागेल. दोन्हीकडे अव्वल ठरेल असा ट्रॅक कोणीच बनवत नाही, त्यामुळे तडजोड करावीच लागते. ती कुठे करायची एवढंच आपल्या हातात असतं. माझं मत स्पष्ट आहे: लांबी डोंगर बघून ठरवा, लगची उंची ट्रेल बघून. जास्तीची लांबी ट्रेलवर थोडीफार गैरसोय करते, पण काही मोडत नाही. जास्तीची लग ट्रेलवर स्वतः फाटते आणि गाडीलाही तापवते. आकड्यांत सांगायचं तर १४६ इंच लांबी आणि १.६ ते २.० इंच लग. नवी गाडी घ्यायची झाली तर दोन्हीकडच्या वापराला हेच माप बसतं.

आता कारणं. ट्रॅकवर तीन मापं लिहिलेली असतात: लांबी, रुंदी आणि लग, म्हणजे बाहेरच्या रबरी दातांची उंची. चौथं माप कुणी आपणहून सांगत नाही, पण ते तितकंच महत्त्वाचं आहे, ते म्हणजे पिच. ट्रॅकच्या आतल्या बाजूला ड्रायव्हरचे, म्हणजे ट्रॅक फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे, दात ज्यात अडकतात त्या ओळींमधलं अंतर म्हणजे पिच. नेहमी दिसणारे पिच २.५२, २.८६, ३.० आणि ३.५ इंच. ट्रॅकची खरी लांबी म्हणजे पिच गुणिले ओळींची संख्या. २.५२ च्या ४८ ओळी झाल्या की १२०.९६ इंच होतात, त्यालाच बाजारात १२१ म्हणतात. २.८६ च्या ४८ ओळी म्हणजे १३७.२८, आणि ५१ ओळी म्हणजे १४५.८६, म्हणजेच १४६. जुना ट्रॅक विकत घेताना हा हिशेब फार उपयोगी पडतो. एका खिडकीवर, म्हणजे ट्रॅकमधल्या आरपार भोकावर, खडूची खूण करा, ट्रॅक फिरवत सगळ्या ओळी मोजा आणि सलग दहा ओळींचं अंतर टेपने घेऊन दहाने भागा. विकणारा काय सांगतो त्यावर अवलंबून राहायची गरज उरत नाही.

पिच जितका लांब तितक्या लग एकमेकींपासून दूर. भुसभुशीत बर्फात हे चांगलं, कारण प्रत्येक लगला ढकलायला न विस्कटलेला बर्फ मिळतो आणि ट्रॅकही हलका होतो. पण कडक ट्रेलवर ३.० किंवा ३.५ पिचचा ट्रॅक पायाखाली घरघरतो आणि वेग वाढला की कंपनं हँडलपर्यंत येतात. २.५२ पिच वेगात सर्वांत मऊ चालतो, म्हणून ट्रेलच्या गाड्यांवर तो जास्त दिसतो. दोन्हीकडे चालवायचं असेल तर २.८६ हा मधला आणि समंजस पर्याय.

रुतण्याचं बोलू. बर्फावर तरंगणं क्षेत्रफळावर अवलंबून असतं. १३७ गुणिले १५ म्हणजे २,०५५ चौरस इंच. १४६ गुणिले १५ केलं तर २,१९०. रुंदी १६ घेतली तर तोच १४६ चा ट्रॅक २,३३६ वर जातो. १५ इंच रुंदीचा १५४ लांब डोंगरी ट्रॅक २,३१० वर थांबतो. म्हणजे रुंदीतला एक इंच लांबीतल्या आठ इंचांपेक्षाही थोडा भारी आहे. प्रत्यक्षात पूर्ण ट्रॅक जमिनीला टेकत नाही. निम्म्याहून कमी भाग टेकतो, बाकीचा वर आणि वळणांवर असतो. पण लांबी नऊ इंचांनी वाढली की टेकणारा भाग साडेचार इंचांनी वाढतो, आणि तुलना जवळपास तशीच राहते. स्की-डूच्या बॅककंट्री मालिकेत १४६ बाय १६ हे माप मिळतं, तर पोलारिस आणि आर्क्टिक कॅट या कंपन्या १५ इंच रुंदी धरून चालतात. दोन गाड्यांत घोळत असाल तर नुसत्या लांबीवर जाऊ नका, हा गुणाकार करून बघा.

लगचं काम वेगळं. ती तरंगवत नाही, ती ढकलते. १.२५ इंचाची लग फूटभर ताज्या बर्फात बऱ्यापैकी चालते. दोन-तीन फूट सैल बर्फात मात्र चढावर थ्रॉटल दाबला की ट्रॅक जागच्या जागी फिरतो, मागून खड्डा खणतो, मागचा भाग खाली बसतो आणि स्की आभाळाकडे होतात. तुमचं होतंय ते हेच. यात थोडा दोष लगचा, थोडा लांबीचा आणि थोडा बोटाचाही. ट्रॅक फिरायला लागल्यावर थ्रॉटल धरून ठेवला तर खड्डा आणखी खोल होतो. त्या क्षणी सोडा, उतरा, समोरचा आणि बाजूचा बर्फ पायाने तुडवून घट्ट करा, शक्य असेल तर गाडी उताराच्या दिशेला वळवा, मग हळूच थ्रॉटल देऊन निघा. एवढी सवय लावली तर आहे त्या ट्रॅकवरही निम्मं रुतणं कमी होतं.

मग अडीच इंचांची लग ट्रेलवर नेमकं काय बिघडवते? इथे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण दुकानात ही बाजू क्वचितच सांगितली जाते.

डोंगरी ट्रॅकची लग उंच असते आणि तिचं रबर मऊ असतं. खोल बर्फात ती थोडी वाकते, बर्फ पकडते, सोडते. कडक ट्रेलवर हीच लग गाडीच्या वजनाखाली मागे दुमडते. दुमडलेल्या लगवर उभी असलेली गाडी आडवी डुलते, वळणात मागचा भाग उशिरा येतो, आणि ब्रेक दाबला तर लगची धार टेकण्याऐवजी तिची पाठ घसरते. वेगात प्रत्येक लग मिनिटाला शेकडो वेळा दुमडते आणि सरळ होते. त्यातून उष्णता तयार होते, ती लगच्या बुंध्यात साठते आणि तिथूनच चिरा जातात. पुढे टोकं तुटून उडायला लागतात. मिनेसोटात ट्रेलवर वेगमर्यादा ताशी ५० मैल आहे; त्या वेगाने दिवसभर कडक ट्रेलवर पळवलं तर एका मोसमात उंच लगची कड गोल झालेली दिसते. बहुतेक डोंगरी ट्रॅक वजन वाचवण्यासाठी एकाच पदराचे असतात, ट्रेलचे दोन पदरी. एकपदरी ट्रॅकमध्ये स्टड (बर्फात रुतणारे धातूचे खिळे) बसवू नयेत, बुडाशी रबर ताणून ते उपटून निघतात. म्हणजे तलावावरच्या उघड्या बर्फासाठी स्टड लावू म्हणाल, तर तीही वाट बंद. स्की-डूच्या समिट या डोंगरी गाड्यांवरच्या फ्लेक्सएज ट्रॅकमध्ये आडव्या सळ्या कडेपर्यंत नेलेल्या नसतात, त्यामुळे कडा लवचीक राहतात. डोंगराच्या कुशीवर आडवं जाताना हे वरदान आहे, ट्रेलच्या वळणात मात्र त्याच कडा खाली दबतात.

दुसरा भाग तापण्याचा. ट्रॅक रेलच्या (ट्रॅकच्या आतल्या दोन लांब धातूच्या दांड्यांच्या) ज्या प्लास्टिक पट्टीवर घसरतो तिला सगळे हायफॅक्स म्हणतात. तिला वंगण लागतं ते बर्फाचं. कूलंट थंड करणारे हीट एक्स्चेंजरही टनेलच्या, म्हणजे सीटखाली ट्रॅकवर असलेल्या पत्र्याच्या बोगद्याच्या, आत असतात आणि ट्रॅकने उडवलेल्या बर्फावर गार होतात. डिसेंबरच्या सुरुवातीला किंवा मार्चमध्ये ट्रेल गोठून काचेसारखी झाली की उडायला सैल बर्फच नसतो. हायफॅक्स वितळून ट्रॅकच्या खिडक्यांमधल्या धातूच्या क्लिपांना चिकटते, जळक्या प्लास्टिकचा वास येतो, इंजिन तापल्याचा दिवा लागतो. हे कोणत्याही ट्रॅकवर होतं, पण डोंगरी गाडीवर जास्त, कारण तिच्या रेलवर आधाराची चाकं कमी असतात आणि तिची सगळी रचना खोल बर्फ गृहीत धरून केलेली असते. उपाय स्वस्त आहे: रेलवर स्क्रॅचर लावा. कडक बर्फ खरवडून त्याचा भुगा ते ट्रॅककडे उडवतात. तारेचे स्क्रॅचर घ्या, कारण गाडी रिव्हर्स घेताना ते वाकून जातात. कडक बोटांचे असतील तर रिव्हर्सच्या आधी उचलून अडकवावे लागतात, आणि ते विसरलं की मोडतात. हायफॅक्सवर झिजेची खूण असते, तिच्या खाली गेली की बदला. तिथे काटकसर केली तर पुढचा खर्च रेलचा आणि ट्रॅकच्या क्लिपांचा असतो.

आता तुमच्याच गाडीकडे येऊ. १३७ च्या रेलवर १४६ चा ट्रॅक बसत नाही. त्याला लांब रेल किंवा रेल-एक्स्टेंशन लागतात, टनेल लांबवावं लागतं, मागे उडणारा बर्फ अडवणारा लटकता पडदा मागे न्यावा लागतो, आणि सस्पेन्शनचा तोल बदलतो तो वेगळाच. एवढा खर्च या गाडीत घालू नये. लांबी तीच ठेवून लग वाढवणं सोपं आहे, आणि तिथे मर्यादा ठरवते ती ड्रायव्हरभोवतीची मोकळी जागा.

हा हिशेब घरीच होतो. ड्रायव्हरला ८ दात आणि पिच २.८६ असेल तर ट्रॅकची पिचरेषा शाफ्टच्या मध्यापासून सुमारे ३.६४ इंचांवर फिरते (८ गुणिले २.८६, भागिले ६.२८). ७ दाती ड्रायव्हर लावला तर ती ३.१९ वर येते, म्हणजे साधारण ०.४५ इंच जागा मोकळी होते. लगच्या टोकापासून टनेलमधल्या सर्वांत जवळच्या वस्तूपर्यंत, मग तो हीट एक्स्चेंजर असो की स्टडपासून बचावाची पट्टी, निदान अर्धा इंच जागा हवी. वेगात ट्रॅक बाहेर फुगतो आणि बर्फाचे गोळे अडकतात, म्हणून उभ्या गाडीवर जेमतेम बसणारी लग चालत्या गाडीवर घासते. माप घेताना पुढच्या वळणावर, टनेलच्या छताखाली आणि पुढच्या हीट एक्स्चेंजरपाशी, तिन्ही ठिकाणी घ्या. सर्वांत कमी आलेला आकडा खरा.

७ दाती ड्रायव्हर लावण्याची एक किंमत आहे. शाफ्टच्या एका फेऱ्यात ट्रॅक २२.८८ इंच जायचा तो २०.०२ इंच जातो, म्हणजे गिअरिंग १२.५ टक्क्यांनी खाली येतं. डोंगरासाठी ते बरंच आहे, ट्रेलवर मात्र त्याच वेगाला इंजिन जास्त फिरेल. चेनकेसमधली (साखळीच्या पेटीतली) स्प्रॉकेटची जोडी बदलून हे सावरता येतं. शिवाय दात कमी झाले की ट्रॅक ड्रायव्हरवरून उडी मारण्याची शक्यता वाढते. थ्रॉटल दाबल्यावर खाडखाड आवाज येतो तो त्याचाच. म्हणून ड्रायव्हर घेताना खिडकीत आणि ट्रॅकच्या आतल्या बाजूच्या रबरी दातांवर, दोन्हीकडे पकडणारा अँटी-रॅचेट प्रकार घ्या, आणि त्याचा पिच ट्रॅकच्या पिचशी तंतोतंत जुळतोय याची खात्री करा. २.५२ चा ड्रायव्हर २.८६ च्या ट्रॅकला ‘जवळपास’ चालतो असं काही नसतं.

सध्याच्या गाडीवर मी १.६ इंच लगच्या वर जाणार नाही, फार तर १.७५. कॅम्सोचा कोब्रा १.६ इंचात मिळतो आणि तो ट्रेलवर जवळजवळ मूळ ट्रॅकइतकाच नीट वागतो. त्याच कंपनीचा बॅककंट्री १.७५ इंचाचा आहे, तो बर्फात अधिक उजवा आणि ट्रेलवर किंचित ढिला. (कॅम्सो म्हणजे पूर्वीची क्युबेकची कॅमोप्लास्ट, २०१८ मध्ये मिशलिनने ती विकत घेतली. जुन्या ट्रॅकवर जुनं नाव दिसलं तर नकली समजू नका.) तलाव ओलांडणं, सकाळची गोठलेली वळणं, थांबा-फलकापाशी घसरणारी उतरण, असं तुमच्या वाटेवर बरंच असेल तर आईस कोब्रा बघा. त्याच १.६ इंच लगच्या टोकांत कारखान्यातच छोटे कार्बाईड स्टड बसवलेले असतात. एक ध्यानात ठेवा: मिनेसोटात डांबरी सार्वजनिक ट्रेलवर धातूच्या स्टडना मनाई आहे, आणि जुन्या रेल्वेमार्गांवरच्या कित्येक ट्रेल उन्हाळ्यात सायकलसाठी डांबरी केलेल्या असतात. आपल्या नेहमीच्या वाटा आधी तपासा, मग स्टडचा विचार करा.

मोंटानाचा आठवडा? तिथे भाड्याने डोंगरी गाडी घ्या. कुक सिटी आणि वेस्ट यलोस्टोन या दोन्ही गावांत १५४ च्या पुढचे ट्रॅक आणि अडीच-तीन इंच लगच्या गाड्या भाड्याने मिळतात. दिवसाचं भाडं काहीशे डॉलर पडतं आणि सुरुवातीला खुपतं. पण ट्रेलरला जोडून हजारेक मैल आपली गाडी ओढत नेण्याचं इंधन, ट्रॅक बदलाचा खर्च आणि बर्फात खड्डे खणण्यात जाणारे दिवस मांडून बघा. वर्षातून चार-पाच दिवसांसाठी भाडंच परवडतं. डोंगरातले दिवस दहाच्या पुढे गेले की हिशेब उलटतो आणि १४६ ची क्रॉसओव्हर (ट्रेल आणि डोंगर दोन्हींसाठीची) गाडी घेण्यात अर्थ येतो.

ती घ्यायची झाली तर ट्रॅकच्या जोडीने दोन गोष्टी बघा. पहिली मागचं सस्पेन्शन. ट्रेलच्या गाडीत पुढचा आणि मागचा आर्म एकमेकांशी जोडलेले असतात, त्यामुळे थ्रॉटल दिल्यावर स्की जमिनीवर राहतात. डोंगरी गाडीत ते मोकळे असतात, स्की चटकन उचलतात; खोल बर्फात हवं तेच, ट्रेलच्या वळणात नको तेच. दुसरी स्कींमधलं अंतर. ट्रेलला ४२-४३ इंच, डोंगराला ३६ ते ३९. अरुंद गाडी कुशीवर झुकवायला सोपी, पण ट्रेलच्या वळणात आतली स्की उचलते. अंतर बदलता येईल असे आर्म किंवा स्पिंडल असलेली गाडी मिळाली तर तीच घ्या. सुपीरियर सरोवराच्या वाऱ्याने अप्पर पेनिन्सुलातल्या कीविनॉवर एका हिवाळ्यात २०० इंचांहून जास्त बर्फ पडतो, तिथे अशा गाडीवर २.० इंच लग अगदी योग्य. मिनेसोटाचा मध्य आणि दक्षिण, जिथे जानेवारीतही ट्रेल पातळ असते, तिथे १.६ च घ्या.

उंचीचं एक सांगायलाच हवं, कारण बरेचदा दोष ट्रॅकला दिला जातो आणि चूक क्लचची असते. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के ताकद गमावतं. कुक सिटी सुमारे ७,६०० फुटांवर आहे, म्हणजे गावातच वीस टक्क्यांहून जास्त गेली, आणि चालवायचं त्याच्याही वर. क्लचमधली, इंजिनचे फेरे ठरवणारी, मिनेसोटाची जड वजनं तशीच ठेवली तर इंजिन नेमून दिलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही आणि गाडी मेल्यासारखी चढते. मॅन्युअलमध्ये उंचीनुसार वजनांचा तक्ता असतो, त्याप्रमाणे हलकी वजनं लावा. उंच लगचा ट्रॅक चढवल्यावर घरच्या उंचीवरही हेच तपासा: सपाट मोकळ्या जागी पूर्ण थ्रॉटल देऊन फेरे बघा, कमी पडत असतील तर वजन एक-दोन ग्रॅमनेच कमी करून पुन्हा बघा.

ट्रॅक बदलण्याचं काम घरी होतं, पण सबंध शनिवार-रविवार ठेवा. सस्पेन्शन बाहेर, चेनकेस उघडून तेल काढणं, ड्राईव्हशाफ्ट बाहेर, मग ट्रॅक. शाफ्ट निघालाच आहे तर बेअरिंग, सील आणि हायफॅक्स नवीन टाका. पुन्हा एवढं उघडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. नव्या ट्रॅकवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. तो बसवण्याआधी बघा, सगळं आवळल्यावर नाही. ताण मोजायची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी: ठरावीक वजन ठरावीक जागी टांगून ट्रॅक किती खाली येतो ते बघतात, आकडा मॅन्युअलचाच घ्या. सरळपणा बघायला गाडीचा मागचा भाग भक्कम स्टँडवर उचला, ट्रॅक हळू फिरवा आणि दोन्ही बाजूंनी रेल ते क्लिप हे अंतर सारखं आहे का पाहा. फिरत्या ट्रॅकच्या मागे कोणीही उभं राहायचं नाही. सुटलेला स्टड किंवा खडा जिवावर बेतू शकतो. नवा ट्रॅक पहिल्या शंभर मैलांत ताणतो, तेव्हा ताण पुन्हा घ्या. सैल राहिला तर ड्रायव्हरवर उड्या मारेल, फार आवळला तर हायफॅक्स आणि बेअरिंग खाईल.

चांगला ट्रॅक मिळाला की माणूस पूर्वी न पोहोचणाऱ्या उतारांवर पोहोचतो, आणि ३० अंशांच्या वरच्या उतारांवर हिमस्खलन होतं. बीकन (गाडला गेलेल्याचा ठाव देणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) प्रत्येकाच्या अंगावर हवं, गाडीच्या पिशवीत नाही. कुक सिटी आणि वेस्ट यलोस्टोनच्या भागासाठी बोझमनचं गॅलाटिन नॅशनल फॉरेस्ट ॲव्हलांच सेंटर हिवाळ्यात रोज अंदाज देतं. तो वाचूनच निघा. भाड्याच्या गाडीबरोबर हे साहित्यही मागून घ्या.

जुना ट्रॅक किंवा जुनी क्रॉसओव्हर गाडी बघायला जाल तेव्हा टॉर्च न्या. लग बोटाने मागे वाकवा आणि बुंध्याशी बारीक चिरा आहेत का बघा. आतून प्रत्येक खिडकीची क्लिप तपासा; एखाददुसरी गेली असेल तर स्वस्तात बसते, ओळीने पाच-सहा नसतील तर ट्रॅक भरपूर तापलेला आहे. कडेला हाताने दाबून आडवी सळी मोडलीय का ते कळतं, मोडलेल्या जागी कड लुळी पडते. लगची उंची मधल्या आणि कडेच्या ओळींवर वेगवेगळी मोजा. दोन इंच म्हणून विकायला ठेवलेला ट्रॅक मधोमध दीड इंचांवर आलेला असेल, तर तो दोन इंचांच्या भावाने घेऊ नका.